वात, मेण आणि उजेड : खानदेशातील हातचे दिवे आणि आपली वंदना

प्रास्ताविक

आमच्या निवासी विद्यालयात दररोज सायंकाळी वंदना होते. तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर फुले ठेवली जातात, अगरबत्ती लावली जाते आणि एका विद्यार्थ्याच्या हस्ते मेणबत्ती प्रज्वलित केली जाते. त्यानंतर त्रिशरण व पंचशील ग्रहण करून विद्यार्थी अभ्यासाला बसतात. वर्षानुवर्षे चालत आलेल्या या क्रमात काही विचारण्यासारखे आहे, असे आम्हां शिक्षकांना कधी वाटले नव्हते.

गेल्या वर्षावासात मात्र इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीने वंदना संपताच आम्हांला थांबविले. ती म्हणाली, "सर, मेणबत्ती तर चर्चमध्ये लावतात. माझी पणजी एरंडेलाचा दिवा लावायची, असं आई सांगते. मग मेणबत्ती आपल्यात आली कुठून? आणि तो जुना दिवा गेला कुठं?"

प्रश्न लहान होता. उत्तर लहान नव्हते. इतिहासाचे अध्यापन करीत असताना राजे, लढाया आणि कायदे आम्ही पुष्कळ शिकविले. पण आपल्याच घरातील वातीचा इतिहास कधी शिकविला नव्हता. स्मरणिकेच्या निमित्ताने तो धडा येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्दांत साठलेला इतिहास

इतिहासाची साधने केवळ शिलालेख व ताम्रपट एवढीच नसतात. शब्द हेही साधनच होय. 'मेण' हा मराठी शब्द संस्कृतातील 'मदन' या शब्दापासून प्राकृतमार्गे आला आहे. 'मदन' या शब्दाचा मधमाशांचे मेण असाही एक अर्थ होता. 'वात' आणि 'बत्ती' हे दोन्ही शब्द 'वर्ति' व 'वर्तिका' यांच्या कुळातील आहेत. म्हणजे 'मेणबत्ती' या शब्दाचे दोन्ही घटक आपल्याच भाषेतील आहेत. कारखान्यात तयार झालेली पांढरी मेणबत्ती बाहेरून आली, हे खरे. परंतु तिला नाव देण्यासाठी मराठी माणसाला परक्या भाषेकडे जावे लागले नाही, कारण मेण त्याच्या परिचयाचे होते आणि वात त्याच्या घरात होती.

खानदेशात वातीला काय तोटा? हा कापसाचा मुलूख. तापी आणि पूर्णा या नद्यांच्या काठची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. आमचे मुक्ताईनगर, म्हणजेच जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही असलेले एदलाबाद, याच दोन नद्यांच्या परिसरात वसलेले आहे. चांगदेव येथे त्यांचा संगम होतो. उत्तरेला सातपुडा आहे. नदीकाठी कापूस, बांधाला एरंड, ओढ्याच्या काठाला करंज आणि डोंगरात मोह व मोहोळ, असा हा प्रदेश. दिव्याला लागणारे सर्व काही येथे उगवत होते.

हातचे दिवे

आमच्या आजीची वात करण्याची रीत आम्ही बालपणी पाहिली आहे. वेचणी संपल्यानंतर पऱ्हाटीच्या बोंडांना चिकटून राहिलेला कापूस ती गोळा करून आणी. सरकी काढून, कापूस हाताने पिंजून ती मांडीवर वळी. वात सैल राहिली तर ती भरभर जळून जाते आणि फार घट्ट झाली तर तेल चढत नाही, हे तिला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकविले नव्हते. वातीतील तंतूंच्या मधल्या अरुंद जागेतून तेल वर चढते. आज विज्ञानाच्या पुस्तकात त्याला केशाकर्षण म्हणतात. आजीला शब्द ठाऊक नव्हता, पण नियम हाताला ठाऊक होता.

तेल बहुधा एरंडीचे असे. बिया भाजावयाच्या, उखळात कुटावयाच्या आणि तो लगदा पाण्यात घालून बराच वेळ उकळावयाचा. तेल वर तरंगू लागले की पळीने अलगद काढून घ्यावयाचे. एरंडेल दाट असल्याने ते सावकाश जळते. एक दिवा बराच काळ पुरतो. करंजाचे तेल कडू व उग्र वासाचे, खाण्यास निरुपयोगी. त्यामुळे ते दिव्यासाठी, कातड्याला लावण्यासाठी आणि खरजेवर वापरले जाई. सातपुड्यातील आदिवासी बांधव मोहाच्या बियांचे तेल काढीत. हे तेल थंडीच्या दिवसांत गोठून लोण्यासारखे घट्ट होते. अशा गोठलेल्या तेलात वात रोवली की तो दिवा मेणबत्तीचाच भाऊ ठरतो.

लोकपरंपरेत या साहित्याची अनेक रूपे झाली. कापडाला घट्ट पीळ देऊन, तो तेलातुपात भिजवून पेटविला की त्याला काकडा म्हणत. पहाटेच्या काकड आरतीचे नाव त्यावरूनच पडले. मुक्ताईच्या या गावात कार्तिकातील काकड्याची ओळख कोणाला नाही? गोंधळी आणि खंडोबाचे वाघे यांच्या हाती दिवटी असे. धातूच्या दांड्यात चिंध्यांचा पिळा बसवावयाचा आणि बुधलीतून त्यावर तेल सोडीत राहावयाचे. देवीच्या उपासकांचा पोत हाही पीळ दिलेल्या कापडाचाच. आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, गूळ घातलेल्या कणकेचे दिवे उकडून करीत. श्रावणात खानदेशातील घराघरांत कानबाई बसते, रोट होतात, तेव्हाही कणकेच्या दिव्यांनी ओवाळण्याची चाल आहे. हे दिवे स्त्रियांच्या हातचे. त्यांना साचा नसे. अंगठ्याने दाबून केलेला खळगा हाच साचा.

या सर्व दिव्यांत एक गोष्ट समान आहे. ते वनस्पतींपासून, आसपासच्या शिवारात मिळणाऱ्या वस्तूंपासून, हाताने केलेले आहेत. म्हणूनच या परंपरेला आम्ही लोकविद्या म्हणतो. तिच्याभोवती देवदेवतांचे, नवसांचे आणि भीतीचे जे आवरण चढले ते वेगळे. आणि वात, तेल, मेण यांचे जे ज्ञान होते ते वेगळे. या दोहोंतील फरक ओळखणे हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

दिव्याखाली अंधार

तथापि या परंपरेचे नुसते गुणगान करून आम्हांला पुढे जाता येणार नाही. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण सहज वापरतो. गावगाड्यात ती अक्षरशः खरी होती. कापूस वेचणारे हात आमचे, एरंडी फोडणारे हात आमचे, गावाला लाकूडफाटा पुरविणारे हातही आमचे. पण ज्या देवळात काकडा पेटे, त्याच्या पायरीवर आम्हांला उभे राहण्याची मुभा नव्हती. ज्या वेशीची राखण आमच्या पूर्वजांनी रात्र रात्र जागून केली, त्या वेशीच्या आत त्यांचे घर नव्हते. या वेठीला वतन असे गोंडस नाव होते. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते या गुलामगिरीचे मूळ उखडण्यासाठीच. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास 1958 साल उजाडावे लागले.

आमचे वडील तरुणपणी लग्नाच्या वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालत. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाडी मंडळी नाचत, आणि बत्ती वाहणारा मात्र मान न हलविता पावले टाकीत असे. कारण मान हलली की बत्ती हलणार. वरात पोहोचली, जेवणे सुरू झाली की बत्तीवाल्यांनी मांडवाबाहेर बसावयाचे. सर्वांचे आटोपल्यावर त्यांच्या पदरात अन्न पडे. मराठीत 'टेंभा मिरविणे' असा वाक्प्रचार आहे. टेंभा मिरविणारा निराळा आणि टेंभा धरणारा निराळा, हे आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकले. दुसऱ्याची वाट उजळीत चालणाऱ्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर उजेड पडत नाही, हेही त्यांनीच सांगितले.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या वार्तेने आमच्या वस्तीतही पिढ्यान्‌पिढ्यांचे देव घरातून बाहेर निघाले. बावीस प्रतिज्ञा वस्तीत पाठ झाल्या. वडिलांनी वरातीची बत्ती उचलणे बंद केले. मजुरी बुडाली, पण मान मोकळी झाली. टाक व मूर्ती नदीत गेल्या. त्यांच्यासोबत कणकेचे दिवेही थांबले, आणि ते थांबणे त्या वेळी योग्यच होते. कारण दिवा कोणता आणि गुलामी कोणती, हे वेगवेगळे करीत बसण्यास त्या पिढीला उसंत नव्हती. बुडत्या माणसाने आधी किनारा गाठावयाचा असतो.

आजीने मात्र वाती वळणे सोडले नाही. कोणी हटकले तर ती म्हणे, "देव सोडले बापा, वात कशाले सोडू?" या वाक्याचा अर्थ कळण्यास आम्हांला पन्नाशी गाठावी लागली.

मेणबत्तीचा प्रवास

आता त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. युरोपात पूर्वी दोन प्रकारच्या मेणबत्त्या होत्या. मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती महाग, म्हणून ती चर्चमध्ये व श्रीमंतांच्या घरी. गरिबाच्या झोपडीत जनावराच्या चरबीची, धुराची व दुर्गंधीची. म्हणजे उजेडाची विषमता तेथेही होती. 19 व्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्या चरबीवरील संशोधनातून स्टिअरिनची मेणबत्ती आली. त्याच शतकाच्या मध्यानंतर खनिज तेलापासून मिळणारे पॅराफिन मेण स्वस्तात उपलब्ध झाले. स्वच्छ उजेड प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

याच काळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी केवळ एका मेणबत्तीवर मुलांसाठी व्याख्यानमाला दिली. ती 1861 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. फॅरडे हे लोहाराचे पुत्र होते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून ते शिकले. आमच्या वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याने हे नाव लक्षात ठेवावे. मेणबत्तीकडे पाहून हात जोडणारे पुष्कळ असतात. ती का जळते, असे विचारणारा एखादाच असतो.

महाराष्ट्रात मेणबत्तीची लोकपरंपरा पाहावयाची तर वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत आणि मुंबईत वांद्रे येथील माउंट मेरीच्या जत्रेत पाहावी. सप्टेंबरमधील या जत्रेत हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू अर्पण केल्या जातात आणि अर्पण करणाऱ्यांत केवळ ख्रिस्ती बांधवच असतात असे नाही. त्यामागे दुखणे आहे, आशा आहे, माणसाची व्याकुळता आहे. तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण आमच्या वंदनेतील मेणबत्ती त्या अर्थाने लावलेली नसते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपल्या समाजाने मेणबत्ती का स्वीकारली, याचे आम्हांला उमगलेले उत्तर साधे आहे. ती स्वस्त होती, कोणत्याही दुकानात मिळत होती आणि तिला पुरोहित लागत नव्हता. तिच्यावर सोवळ्या-ओवळ्याची छाया नव्हती. ती कोणीही लावावी आणि तिचा उजेड सर्वांवर सारखा पडावा. ज्यांना शतकानुशतके गाभाऱ्यातील समईपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या हाती ही जात नसलेली ज्योत आली. 6 डिसेंबरच्या रात्री वस्तीवस्तीतून निघणाऱ्या मेणबत्त्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे याचा अर्थ उमगतो.

धम्मातील दिवा

मेणबत्ती नवी असली तरी दीपपूजा आपल्याकडे नवी नाही. बाबासाहेबांनी 'बौद्ध पूजापाठ' ही पुस्तिका तयार करून वंदनेला शिस्त दिली. पालि परंपरेतील दीपपूजेच्या गाथेत 'घनसार' हा शब्द येतो. घनसार म्हणजे कापूर. कापूर हा मुळात झाडापासून मिळणारा पदार्थ. म्हणजे सुगंधी वनस्पतिज द्रव्याने पेटविलेला दिवा वंदनेत प्राचीन काळापासून आहे. त्या गाथेचा भाव असा की, ज्याने अज्ञानाचा अंधार दूर केला त्याचे अंधार दूर करणाऱ्या दिव्याने पूजन करावे. त्यात मागणे काहीच नाही. पाऊस पाड, पीक दे, पास कर, असा एकही शब्द नाही.

भगवान बुद्धांनी दिव्याचा उपयोग दृष्टान्त म्हणून वारंवार केला. तेल आणि वात यांच्या आश्रयाने दिवा जळतो. तेल संपले, वात संपली आणि नवी घातली नाही की तो विझतो. प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून असते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त यापेक्षा सोप्या रीतीने कसा सांगावा? मिलिंद राजाला भदन्त नागसेनांनी हेच समजावले. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नव्हे आणि अगदी वेगळीही नव्हे. ती एक अखंड प्रवाह आहे.

थेरी पटाचाराची हकीकत तर आमच्या विद्यार्थिनींनी आवर्जून वाचावी. पती, मुले, आई-वडील, भाऊ, सर्व गमावलेली ही स्त्री भिक्षुणी झाली. एका रात्री विहारात जाऊन तिने दिव्याची वात सुईने खाली ओढली. दिवा मालवला आणि त्याच क्षणी तिचे चित्त मुक्त झाले. निब्बाण या शब्दाचा मूळ अर्थच विझणे असा आहे. तृष्णेचे तेल संपणे, हा तो अर्थ. येथे ज्योत लावण्याइतकेच ज्योत शांत करणेही अर्थपूर्ण आहे.

अवदान वाङ्मयातील दरिद्री स्त्रीची कथाही प्रसिद्ध आहे. श्रीमंतांच्या दिव्यांच्या रांगेत तिने भिकेच्या पैशातून आणलेल्या थोड्या तेलाचा दिवा लावला. सर्व दिवे विझले, तिचा तेवत राहिला. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा आशय टिकतो. दिव्याचे मोल तेलाच्या मापावर ठरत नाही.

बौद्ध जगातील एक प्रथा येथे नमूद करावीशी वाटते. थायलंडमध्ये वर्षावासाच्या प्रारंभी उपासक विहाराला मेणाच्या मोठ्या मेणबत्त्या दान देतात. उबोन रत्चथानी या शहरातील नक्षीदार मेणबत्त्यांचा उत्सव जगभर ज्ञात आहे. मूळ हेतू असा की, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत एका जागी राहणाऱ्या भिक्षूंना रात्री वाचन-पठणासाठी उजेड मिळावा. आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या अजिंठ्याच्या विहारांतही भिक्षूंनी वर्षावास घालविले. आतल्या काळोख्या खोल्यांत दिव्याशिवाय वावरता येणे शक्यच नव्हते. उपासकाने उजेड द्यावा आणि भिक्षूने त्या उजेडात अध्ययन करावे, हा दीपदानाचा खरा व्यवहार होय. वंदनेनंतर आपण अभ्यासाला बसतो, ही आमच्या मते त्याच परंपरेची पुढची पायरी आहे. परळच्या चाळीतील एकाच खोलीत, पहाटे दोन वाजता उठून मिणमिणत्या दिव्यापुढे वाचत बसलेला भीमराव आठवावा, म्हणजे दिव्याची खरी पूजा कोणती हे सांगावे लागणार नाही.

आमची एक चूक

आता जे लिहीत आहोत ते सांगताना संकोच वाटतो. पण धडा पूर्ण व्हावयाचा तर ते टाळता येत नाही. काही वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर एक माउली आपल्या मुलाला भेटण्यास वसतिगृहात आली. तिने पिशवीतून हिरव्या रंगाच्या पाच मेणबत्त्या काढून आमच्यापुढे ठेवल्या. एका जत्रेत कोणीतरी त्या विकल्या होत्या. त्यांत अकरा जडीबुटी आहेत, रोज रात्री एक लावली की मूल हमखास पास होते, असे तिला सांगण्यात आले होते. त्यासाठी तिने दोन दिवसांची कापूसवेचणीची मजुरी मोजली होती.

आम्ही संतापलो. बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देत, तिच्या मुलासमोर आणि इतर विद्यार्थ्यांसमोर आम्ही तिला बरेच काही बोललो. ती एवढेच म्हणाली, "सर, लेकराचं भलं व्हावं म्हणूनच घेतल्या ना." तिने मेणबत्त्या तेथेच ठेवल्या आणि ती निघून गेली. त्या रात्री तो मुलगा जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात त्यांतील एक मेणबत्ती गरम पाण्याच्या भांड्यात वितळविली. हिरवा रंग घातलेले नेहमीचे पॅराफिन आणि तळाशी बसलेला वाळक्या पानांचा चुरा, एवढेच तिच्यात दिसले. दुसरी पेटवून पाहिली, तर पानांचा चुरा वातीत अडकून ज्योत तडतडली व काजळी धरली. विद्यार्थी हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. फसवणूक त्या माउलीची झाली होती आणि बोलणीही तिनेच खाल्ली होती. ठकविणारा जत्रेत सुखरूप होता. तिला शाळा मिळाली नव्हती, म्हणून तर तिने आपले मूल आमच्या हवाली केले होते. अंधश्रद्धेवर प्रहार करावयाचा तो अंधश्रद्धा विकणाऱ्यावर. तिच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसावर नव्हे. प्रज्ञेला करुणेची जोड नसेल तर ती नुसती मिजास होते. टेंभा मिरविणाऱ्यांत आम्हीही जाऊन बसलो होतो.

परीक्षा संपल्यावर आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो आणि त्या माउलीची क्षमा मागितली. बोलता बोलता तिने सहज वाती वळण्यास घेतल्या. घट्ट, एकसारख्या, आमच्या आजीसारख्या. आम्ही तिला विचारले, "ताई, हे आमच्या मुलांना शिकवाल का?" ती आधी लाजली, पण पुढच्या वर्षावासात आली. ज्या मुलांसमोर तिला खाली पाहावे लागले होते, त्याच मुलांसमोर ती शिकविण्यास बसली.

कृतिपाठ : हातची मेणबत्ती

तेव्हापासून दरवर्षी आषाढ पौर्णिमेच्या सुमारास विद्यालयात हा पाठ होतो. ज्यांना तो आपल्या शाळेत घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठी कृती देत आहोत.

कापसाच्या तीन पेडांची घट्ट वेणी घालून वात करावी. मधमाशांचे मेण दाट असल्याने वात पॅराफिनच्या मेणबत्तीपेक्षा थोडी जाड लागते. मेण कधीही थेट चुलीवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात लहान भांडे बसवावे व त्यात मेण वितळवावे. मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. वात मेणात बुडवून सरळ ताणून वाळू द्यावी. नंतर बुडवावी, बाहेर काढावी, निवू द्यावी आणि पुन्हा बुडवावी. वीस-पंचवीस वेळा असे केले की बोटाएवढी मेणबत्ती तयार होते. घाई केली, मागचा थर निवला नाही, तर तो पुढच्या बुडवणीत वितळून जातो. संयम शिकविण्यास याहून चांगला पाठ आम्हांला सापडलेला नाही.

सुगंधासाठी गवती चहा किंवा कडुनिंबाची पाने खोबरेल तेलात मंद आचेवर तापवून ते तेल फडक्याने गाळून घ्यावे आणि दहा भाग मेणास एक भाग या प्रमाणात मिसळावे. तेल जास्त झाल्यास मेणबत्ती मऊ पडते. वाळकी पाने किंवा चुरा मेणात घालू नये. पाने पेट घेतात आणि चुरा वात तुंबवितो. शिक्षकांनी जवळ उभे राहावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी टाकू नये. भांड्यावर झाकण घालून आग विझवावी. जुन्या पद्धतीने एरंडेल काढून दाखवावयाचे असल्यास एरंडीच्या बिया लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. त्या विषारी असतात.

या मेणबत्तीने कोणी पास होत नाही, कोणाचे दुखणे बरे होत नाही, हे पाठाच्या आरंभीच सांगावे. ती जळते आणि उजेड देते. तिच्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

समारोप

त्या विद्यार्थिनीला आम्ही जे उत्तर दिले ते असे : मेणबत्तीचे पॅराफिन बाहेरून आले, मेण, वात आणि ती करणारे हात येथलेच होते. जुना दिवा कोठे गेला, तर तो देवांबरोबर नदीत गेला, असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात तो आपल्या आज्यांच्या आणि आयांच्या बोटांत राहिला होता. बाबासाहेबांनी आपल्याला देव सोडण्यास सांगितले. ज्ञान सोडण्यास सांगितले नाही. जे भीतीतून आले ते टाकावे, जे अनुभवातून आले ते तपासून घ्यावे, हीच धम्माची रीत आहे.

आज आमच्या वंदनेतील मेणबत्ती वर्षातून काही दिवस तरी विद्यार्थ्यांच्या हातची असते. ती थोडी वाकडी असते, पिवळसर असते, बाजारातील मेणबत्तीइतकी देखणी नसते. पालि भाषेत 'दीप' या शब्दाचा अर्थ दिवा असाही होतो आणि बेट असाही होतो. पुरात पाय टेकण्यास जागा देते ते बेट. विद्यार्थी मित्रांनो, अत्तदीप व्हावयाचे म्हणजे कोणाच्या डोक्यावर बत्ती द्यावयाची नाही आणि कोणाची बत्ती डोक्यावर घ्यावयाची नाही. स्वतःची वात स्वतः वळावयाची आणि तिच्या उजेडात शेजाऱ्यालाही वाचू द्यावयाचे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

1. तुमच्या घरातील किंवा वस्तीतील वयोवृद्ध व्यक्तीस विचारा : पूर्वी दिव्यासाठी कोणते तेल वापरीत व ते कसे काढीत? उत्तर वहीत लिहून ठेवा.

2. तेल, वात आणि ज्योत यांच्या दृष्टान्तातून प्रतीत्यसमुत्पाद स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

3. 'टेंभा मिरविणारा निराळा आणि टेंभा धरणारा निराळा' या विधानाचा सामाजिक अर्थ सांगा.

4. एखाद्या परिचिताची अंधश्रद्धेपोटी फसवणूक झाली, तर त्याचा अपमान न करता त्याच्याशी कसे बोलाल? संवाद लिहा.

नमो बुद्धाय! जय भीम!